आरक्षणाच्या चर्चेत वर्ग दुभंगला, तर पुढचा तास कसा घ्यावा?

ऐरोलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेने असे विचारले आहे: ‘संविधानाची वाटचाल’ या प्रकरणात राखीव जागांचा मुद्दा आला तेव्हा मी मुलांना मोकळेपणाने बोलायला सांगितले. एक मुलगा म्हणाला, ‘यांना सगळे फुकटच मिळते.’ मागच्या बाकांवरचे तिघे-चौघे एका मुलीकडे बघून हसले. आवाज चढले आणि तास उधळला. ती मुलगी दोन दिवस शाळेत आलेली नाही. तिच्या वडिलांचा फोन आला, त्या मुलाच्या आईचाही आला, आणि मुख्याध्यापकांनी ‘पुस्तकात आहे तेवढेच शिकवा’ असे बजावले. असे विषय वर्गात घ्यावेत का, आणि घ्यायचे तर मुलांना एकमेकांचा मान राखून बोलायला कसे शिकवावे?

मी गेली सव्वीस वर्षे हाच विषय शिकवते आहे, आधी कळव्यात आणि नंतर कोपरखैरण्यात. तुम्ही वर्णन केलेला तास माझ्या वाट्यालाही आलेला आहे. विषय घेण्यात तुमची चूक झाली असे मला वाटत नाही. राखीव जागांचे धोरण पुस्तकातच आहे, त्यामुळे पुस्तकात आहे तेवढेच शिकवायचे म्हटले तरी तो विषय टळत नाही. चूक झाली ती क्रमात. ‘मोकळेपणाने बोला’ हे वाक्य पहिल्याच दिवशी उच्चारले की ज्यांना घरात, सोसायटीत आणि मोबाइलवर जे ऐकू येते तेच बोलायची सवय आहे ती मुले आधी बोलतात, आणि ज्यांच्याविषयी बोलले जात असते ती मुले गप्प होतात. मोकळेपणा हा सरावाने येतो आणि तो सराव जूनपासून करून घ्यावा लागतो. तुमच्याकडे आता जून नाही, म्हणून उरलेल्या दिवसांत काय करता येईल तेही सांगते, पण सर्वांत आधी त्या मुलीकडे वळू.

पुढचा तास घेण्याआधी तिच्याशी आणि तिच्या पालकांशी बोला, शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन. ‘वर्गात जे झाले ते थांबवणे माझे काम होते आणि मला ते वेळेवर जमले नाही’ हे वाक्य तुम्ही स्वतः उच्चारले पाहिजे. तिला सर्वांसमोर उभे करून त्या मुलाला माफी मागायला लावण्याचा समारंभ मात्र करू नका. त्यात ती दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरेखाली येते, आणि मुलगा माफीचे शब्द उच्चारून मनात राग घेऊन बाकावर बसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. कळव्याला असताना महाडच्या सत्याग्रहाचा पाठ चालू होता. १९२७ साली सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, हे मुलांपर्यंत पोहोचावे म्हणून मी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला म्हटले, ‘तू सांग, तुमच्या घरी याबद्दल काय सांगतात?’ मला वाटले होते की मी त्याला मान देते आहे. तो उभा राहिला. त्याच्या हातात कंपासपेटी होती आणि तिचे झाकण तो अंगठ्याने उघडत आणि मिटत राहिला. वर्गात तेवढाच एक आवाज येत होता. मग तो म्हणाला, ‘माहीत नाही, बाई,’ आणि खाली बसला. वर्षअखेरीपर्यंत त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. त्याची जात वर्गाला माहीत नव्हती असे नाही, पण ती त्याच्यावर बोट ठेवून मी सांगितली होती.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे आणि तो मी वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलांना मोठ्याने सांगते: या वर्गात कोणीही आपल्या जातीचा, धर्माचा, गावाचा किंवा मुलगा-मुलगी असण्याचा प्रतिनिधी म्हणून बसलेला नाही. स्वतःहून कोणाला आपला अनुभव सांगावासा वाटला तर तो त्याचा अधिकार आहे, पण मागणार कोणी नाही, शिक्षकसुद्धा नाही. दहशतवादाचा उल्लेख आला की मुसलमान मुलाकडे मान वळवणे किंवा स्त्रियांवरील अत्याचारांच्या बातमीवर मुलींनाच बोलायला सांगणे हे यातच मोडते. माना कुठे वळतात याकडे तुम्ही लक्ष ठेवा. तुमच्या वर्गात त्या मुलाच्या वाक्यापेक्षा मागच्या बाकांवरच्या हसण्याने जास्त इजा केली, असे मला तुमचे वर्णन वाचून वाटते, आणि थांबवायचे होते ते आधी हसणेच.

आता सरावाविषयी. आपल्या शाळांमध्ये बोलण्याचे शिक्षण मुख्यतः वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांतून होते. त्यांनी मुलांची भीड चेपते आणि भाषा सुधारते, हे मी नाकारत नाही. मीही अनेक वर्षे मुलांना घेऊन गडकरी रंगायतनच्या परिसरापासून पनवेलपर्यंत स्पर्धांना गेले आहे. पण तिथे अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू चिठ्ठीने ठरते, घंटा वाजते आणि चषक एकालाच मिळतो, त्यामुळे समोरच्याचे ऐकायचे ते त्यातली फट शोधण्यापुरतेच, ही सवय मुलांना लागते. न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार फार स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत. तत्त्व काय आहे हे शोधण्यासाठी दोघांनी मिळून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ समोरच्याचे खोडत राहणे ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द मुलांना माहीत असतो. त्याची इतर दोन भावंडे त्यांना सांगितली की आपण आत्ता तिघांपैकी काय करतो आहोत हे ती स्वतः ओळखू लागतात, आणि एखादा विद्यार्थी मध्येच ‘बाई, हा जल्प झाला’ असे म्हणतो तेव्हा मला फारसे काही करावे लागत नाही.

त्या परंपरेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे पूर्वपक्ष. आपले उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे. मी वर्गात त्याचा एकच नियम केला आहे: उत्तर देण्याआधी ‘तुझे म्हणणे असे आहे की…’ या शब्दांनी सुरुवात करायची, आणि समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत स्वतःचे मत मांडायचे नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण ते किती अवघड आहे हे पहिल्या प्रयत्नातच कळते.

सुरुवात लहान विषयाने करावी. एका वर्षी मी खेळाच्या तासाला मैदान कोणी वापरावे हा प्रश्न घेतला, कारण सगळे मैदान फुटबॉल खेळणारी मुले व्यापत आणि मुली कठड्यावर बसत. एका मुलीने आपले म्हणणे मांडले. तिला उत्तर देणाऱ्या मुलाने सुरुवात केली, ‘तुझे म्हणणे असे आहे की मुलींना खेळायचे नसते, तरी जागा हवी.’ ती म्हणाली, ‘नाही.’ त्याने पुन्हा प्रयत्न केला, ‘तुम्हाला खेळायचे असते, पण तुम्ही येत नाही.’ ती म्हणाली, ‘नाही, एक राहिले.’ तो चिडला. वर्ग थोडा हसला, मग शांत झाला. तिसऱ्या वेळी तो सावकाश म्हणाला, ‘तुम्ही मैदानात आलात की आमचा बॉल तुमच्या अंगावर येतो, म्हणून तुम्ही कठड्यावर बसता, आणि आम्ही म्हणतो तुम्हाला खेळायचेच नसते.’ ती म्हणाली, ‘हो, हेच.’ त्यानंतर त्याने मांडलेले मत त्याच्या आधीच्या मतापेक्षा वेगळे होते, हे त्याचे त्यालाही जाणवले असावे, कारण तो बोलता बोलता दोनदा अडखळला.

लहान विषयानंतर जुना विषय घ्यावा, ज्यात वर्गातल्या कोणाच्या घरचे कोणी नाही. मी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद घेते. मुलींसाठी शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याच्या त्या प्रस्तावाला आगरकरांचा पाठिंबा होता आणि टिळकांचा विरोध. मुले सहजपणे आगरकरांच्या बाजूला जातात. त्यांना मी टिळकांचा पूर्वपक्ष मांडायला लावते: परक्या सरकारने कायदा करून समाजाच्या चालीरीतींत हात घालावा का, की सुधारणा समाजातूनच यावी? हा युक्तिवाद नीट मांडता आल्यावरही मुले आगरकरांकडेच राहतात, पण आता त्यांना आपण तिथे का आहोत हे सांगता येते.

यानंतर आरक्षणासारख्या विषयाकडे यावे, आणि तिथे शिक्षकाने एक काम आधी करून ठेवले पाहिजे. कोणता प्रश्न खुला आहे आणि कोणता नाही हे ठरवायला हवे. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केली आहे. ‘जन्माने कोणी कमी असतो का’ हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही, आणि त्यावर दोन बाजू मांडायला सांगणे म्हणजे वर्गातल्या काही मुलांना स्वतःचे माणूसपण सिद्ध करायला सांगणे आहे. या बाबतीत शिक्षकाने तटस्थ राहायचे नसते. याउलट सवलतीचा निकष काय असावा, मर्यादा किती असावी, कोणत्या समूहाचा समावेश व्हावा, हे प्रश्न खुले आहेत आणि देशातल्या सर्वोच्च न्यायपीठांचेही त्यांवर एकमत नसते. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली एकूण आरक्षणासाठी पन्नास टक्क्यांची मर्यादा सांगितली गेली. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. अल्पमतात तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत होते. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मे २०२१ मध्ये रद्द झाला आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने दहा टक्क्यांचा नवा कायदा केला.

२०२२ चा तो निकाल मी मुलांना विशेष आवडीने सांगते, कारण अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी बहुमताचे सगळेच नाकारलेले नाही. शिक्षणासारख्या सवलतींसाठी आर्थिक निकष लावता येतो हे त्यांनी मान्य केले. त्यांचा मुख्य आक्षेप होता तो अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतल्या गरिबांना त्यातून वगळण्याला. समोरच्याच्या म्हणण्यातला कोणता भाग आपल्याला मान्य आहे हे सांगून मग आपला आक्षेप मांडणे, हे मुलांना आठवडाभर समजावूनही पटत नाही ते या एका उदाहरणाने पटते.

एवढी माहिती मी एका पानावर लिहून झेरॉक्स करून आदल्या दिवशी वाटते. पानावर नसलेला आकडा चर्चेत कोणी सांगितला तर तो फळ्याच्या एका बाजूला लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावा आणायचा, असा शिरस्ता आहे. बरेचसे आकडे दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत.

मग ‘यांना सगळे फुकटच मिळते’ या वाक्याचे काय करायचे? ते जसे आले तसे चर्चेत घेता येत नाही. ‘थांब. हे माणसांबद्दल झाले, धोरणाबद्दल काय म्हणायचे आहे ते सांग,’ असे लगेच आणि आवाज न चढवता म्हणावे लागते. परंतु त्या वाक्यात माणसांना हिणवणारा भाग आहे, खरे-खोटे तपासता येईल असा दावा आहे आणि बहुधा एक दुखणेही आहे. त्याच्या मोठ्या भावाचा प्रवेश काही गुणांनी हुकला असेल, घरी कर्ज काढून फी भरली असेल. ते दुखणे खरे असू शकते, आणि ते बोलायला त्याला दुसरे शब्द मिळाले नसतील. मी असे वाक्य मुलांसमोर फळ्यावर उकलते. हिणवणारा शब्द पुसते, दाव्याखाली रेघ मारते आणि ‘यांना’ म्हणजे कोणाला, ‘सगळे’ म्हणजे काय काय, असे विचारत जाते. शेवटी फळ्यावर एक प्रश्न उरतो: ‘शिक्षणातल्या सवलतीचा निकष सामाजिक मागासलेपण असावा की घरचे उत्पन्न?’ यावर वर्गातला कोणीही मान खाली न घालता बोलू शकतो.

बोलण्याआधी लिहायला लावा, हे मी आग्रहाने सांगेन. पाच मिनिटे, अर्ध्या पानाची चिठ्ठी, नाव घालायचे नाही, तीन ओळी पुरेत. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला फार तर दहा-बारा मुले बोलतात आणि ती दर वेळी तीच असतात. चिठ्ठीवर उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांनाही बोलता येते. बाक हलवून वर्तुळ करण्याची सूचना प्रशिक्षणात नेहमी दिली जाते, पण आपल्या वर्गखोल्यांत त्यात सहा-सात मिनिटे आणि शेजारच्या वर्गाची शांतता जाते. त्यापेक्षा एक आड एक रांगेतल्या मुलांना मागे तोंड करून बसवले की दोन बाकांवर चार-चारांचे गट होतात. आधी त्या चौघांत पूर्वपक्ष, मग सर्वांसमोर.

नवी मुंबईत शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की आपल्याकडचे अवघड विषय केवळ जात आणि धर्म एवढेच नाहीत. आपली शाळा ज्या जमिनीवर उभी आहे तीही एक अवघड विषय आहे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण मृत्यू पावले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कोपरखैरण्याच्या माझ्या वर्गात एका बाकावर गावठाणातला आगरी मुलगा असे आणि शेजारी माथाडी वसाहतीतला मुलगा, ज्याचे आजोबा साताऱ्याकडून येऊन बाजारात पोती वाहत होते. नवी मुंबईच्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव द्यावे की दि. बा. पाटील यांचे, हा वाद २०२१ मध्ये पेटला तेव्हा वर्ग ऑनलाइन भरत होते, पण शाळा उघडली तेव्हा मुले तो वाद दप्तरात घालूनच आली.

माथाडी कुटुंबातला मुलगा म्हणाला, ‘त्यांच्या जमिनी गेल्या, पण त्यांना पैसे मिळाले ना.’ गावठाणातल्या मुलाने नियमाप्रमाणे सुरुवात केली, ‘तुझे म्हणणे असे आहे की पैसे मिळाले म्हणजे विषय संपला.’ पहिला मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, ‘नाही. पैसे मिळाले एवढेच मला माहीत होते.’ मी तिथे चर्चा थांबवली आणि दोघांनाही घरच्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारून यायला सांगितले: इथे आधी काय होते, तुम्ही इथे कसे राहिलात, तुमचे काय राहून गेले. पुढच्या तासाला एकाने दुसऱ्याच्या आजोबांची हकीकत वाचून दाखवली, स्वतःच्या नव्हे.

‘बाई, तुम्ही कोणाच्या बाजूने?’ हा प्रश्न येणारच. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांच्या परिषदेतून काही तत्त्वे पुढे आली. शिक्षकाने आपल्या मताच्या वजनाखाली विद्यार्थ्याला दडपू नये, आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, ही त्यांतली दोन. मी त्यांच्याशी सहमत आहे. खुल्या प्रश्नावर माझे मत मी चर्चा संपेपर्यंत सांगत नाही, आणि नंतर विचारलेच तर कारणांसह सांगते. कलम १७ सारख्या मिटलेल्या प्रश्नावर मात्र पहिल्याच वाक्यात सांगते.

मुख्याध्यापकांची भीती समजून घ्या. त्यांना पालकांचे फोन तुमच्यापेक्षा जास्त येतात. पाठाचे टाचण आदल्या दिवशी त्यांना दाखवा, त्यात प्रकरणाचे नाव, फळ्यावरचा नेमका प्रश्न आणि वाटायचे पान असू द्या, आणि ते स्वतः येऊन मागच्या बाकावर बसले तर उत्तमच. दहावीच्या मुलांकडे फोन असतात, तेव्हा वर्गात कोणाचेही बोलणे रेकॉर्ड करायचे नाही हे निक्षून सांगा. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली की उरलेली चौतीस मिनिटे कोणी विचारत नाही. परिसरात त्याच आठवड्यात हाणामारी किंवा दंगल झाली असेल तर विषय पुढे ढकला.

आणखी एक गोष्ट. चिठ्ठ्यांमध्ये कधीकधी असे काही येते की ज्याचा विषयाशी संबंध नसतो, एखाद्या मुलीवर किंवा मुलावर घरात लैंगिक अत्याचार होत असल्याचे त्यातून कळते. अक्षर ओळखू येते. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळवणे बंधनकारक आहे. मुलाला तसे सांगा, मुख्याध्यापकांना सोबत घ्या आणि पोलिसांकडे कळवा. मार्गदर्शनासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

आता तुमचा पुढचा तास. मुलीशी आणि घरच्यांशी बोलणे झाल्यावरच तो घ्या आणि तो कधी घेणार आहात हे तिला आधी सांगा. त्या दिवशी ती वर्गात बसेल, वाचनालयात बसेल की शाळेतच येणार नाही हे तिने ठरवू द्या. ज्या मुलाने ते वाक्य म्हटले त्यालाही मधल्या सुट्टीत एकट्याला भेटा आणि त्याला काय म्हणायचे होते ते आधी पूर्ण ऐका. वर्गात गेल्यावर पहिली दोन मिनिटे तुमची: मागच्या तासाला काय चुकले आणि त्यात तुमचा भाग कोणता, हे कोणाचेही नाव न घेता सांगा. प्रतिनिधी कोणी नाही हा नियम सांगा. मग मैदानाचा किंवा तसाच एखादा लहान प्रश्न घेऊन पूर्वपक्षाचा सराव करा, आरक्षणाकडे त्या दिवशी जाऊच नका. त्यासाठी आणखी एक तास लागेल, कदाचित दोन. अभ्यासक्रम मागे पडेल ही चिंता रास्त आहे. मी त्यासाठी उजळणीच्या तासांतला एक तास वापरते.

प्रश्न फळ्यावर येईल त्या तासाला सुरुवातीलाच चिठ्ठ्या लिहून घ्या आणि घरी जाऊन सगळ्या वाचा. कोऱ्या आलेल्याही वेगळ्या ठेवा, महिनाभराने पुन्हा लिहायला सांगितल्यावर कोऱ्यांची संख्या किती उरली ते पाहता येते. घंटा झाली की वाक्य अर्धे राहिले तरी थांबा, राहिलेले प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून त्यांभोवती चौकट करा आणि खाली ‘पुसू नये’ असे लिहा. पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच करायची आहे.